परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा कोण घेणार?

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. दोन ट्यूबलाईट, सहा टेबले आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पंधरा-वीस मुले-मुली. आम्ही अधूनमधून तिथे जातो, वर्तमानपत्रे ठेवतो, विचारपूस करतो. एका रात्री गेलो तर कोपऱ्यात चार पोरे एका मोबाईलवर वाकून बसलेली. आम्हाला वाटले क्रिकेट असेल. जवळ जाऊन पाहतो तर कार्टून! आम्ही जरा रागानेच म्हणालो, "अरे, पूर्व परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही कार्टून बघता?" त्यातल्या एकाचे दोन प्रयत्न थोडक्या गुणांनी हुकले आहेत. तो मान वर न करताच म्हणाला, "काका, यातही परीक्षाच चालू आहे. बसा, बघा."

आम्ही बसलो. आणि खरे सांगायचे तर त्यानंतर चार रात्री बसलो.

वाचक म्हणतील, चळवळीच्या वर्तमानपत्रात कार्टूनचे काय काम? आमचाही आधी हाच ग्रह होता. परंतु १९९० च्या दशकात आपण दूरदर्शनवर मोगलीचे 'जंगल बुक' पाहिले, तेही जपानमध्येच तयार झाले होते. जपानी लोक या चित्रमालिकांना 'आनिमे' म्हणतात. तिकडे ती केवळ लहान मुलांची करमणूक नाही. मोठ्यांचे प्रश्न, समाजातील दुखणी, माणसाच्या मनातील गाठी या सर्वांना तिथे जागा असते. म्हणून या मालिकेकडे थोडे गंभीरपणे पाहिले पाहिजे, असे आमचे मत झाले.

मालिकेचे नाव 'माय हीरो अॅकॅडेमिया'. कोहेई होरिकोशी या चित्रकथाकाराने ही कथा २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे एका जपानी साप्ताहिकात चित्ररूपाने लिहिली. 'बोन्स' या स्टुडिओने २०१६ पासून तिची मालिका केली. कथेतील जगात दहापैकी आठ माणसे काही ना काही अंगभूत शक्ती घेऊन जन्माला येतात. कोणी आग काढतो, कोणी वस्तूंचे वजन नाहीसे करतो, कोणाला सहा हात असतात. उरलेले दोघे साधी माणसे. कथेचा नायक इझुकु मिदोरिया हा त्या उरलेल्यांपैकी एक. चार वर्षांचा असताना डॉक्टर त्याला सांगतात की तुझ्या अंगात काहीही नाही. लहानपणापासून ओळखीचा मुलगा कात्सुकी बाकुगो त्याला 'देकु' म्हणतो. देकु म्हणजे लाकडी बाहुला, कुचकामी. पुढे एका थोर वीराकडून मिदोरियाला त्याची शक्ती वारशाने मिळते आणि तो वीरांच्या विद्यालयात प्रवेशासाठी जातो. तिथे ओचाको उराराका ही मुलगी त्याला म्हणते, हे नाव तर 'देकिरु' या शब्दासारखे वाटते. 'देकिरु' म्हणजे जमते, करता येते. मिदोरिया तेच नाव स्वतःचे वीरनाम म्हणून निवडतो. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून त्याचा झेंडा कसा करावा, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता परीक्षेकडे येऊ. या जगात अंगात शक्ती असली तरी ती सार्वजनिक ठिकाणी वापरण्याचा अधिकार सर्वांना नाही. त्यासाठी शासनाचा परवाना लागतो. तात्पुरत्या परवान्याच्या परीक्षेचे भाग मालिकेच्या तिसऱ्या पर्वात येतात. २०१८ च्या जुलै महिन्यात ते जपानमध्ये प्रसारित होऊ लागले. देशभरातून १,५४० विद्यार्थी एका मोठ्या क्रीडागारात जमतात. आयोगाचा अधिकारी मेरा मंचावर येतो. झोप अपुरी झालेला, कामाच्या ओझ्याने खांदे पडलेला हा माणूस पाहून आम्हाला आपल्याकडचे अनेक कारकून आठवले. तो थंडपणे जाहीर करतो की पहिल्या फेरीत फक्त पहिले १०० जण उत्तीर्ण होतील. एरवी निम्मे विद्यार्थी पास होणाऱ्या परीक्षेत यंदा शंभरातले साडेसहाच पुढे जाणार! ज्याने हे ऐकले त्याच्या पोटात गोळा येतो. अभ्यासिकेतल्या पोरांच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्य नव्हते. त्यांना या हिशेबाची सवय आहे.

नियम सोपा आहे. प्रत्येकाने अंगावर तीन लक्ष्ये लावायची आणि सहा चेंडू घ्यायचे. ज्याच्या तिन्ही लक्ष्यांवर चेंडू लागला तो बाद. जो दोघांना बाद करील तो पास. म्हणजे पुढे जायचे तर दुसऱ्याला पाडूनच. सुरुवात होताच सगळ्या शाळा मिदोरियाच्या वर्गावर तुटून पडतात, कारण त्या नामांकित शाळेतील मुलांच्या शक्ती आणि उणिवा सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या असतात. तरीही या वर्गातील वीसच्या वीस विद्यार्थी पहिली फेरी पार करतात.

इथपर्यंत ही नेहमीची स्पर्धा आहे. खरी गोष्ट दुसऱ्या फेरीत सुरू होते. क्रीडागारातील इमारती स्फोटाने पाडल्या जातात आणि विद्यार्थ्यांना सांगितले जाते की इथे मोठी दुर्घटना घडली आहे, अडकलेल्या लोकांना वाचवा. ढिगाऱ्याखाली अडकलेले हे लोक म्हणजे जखमींचे सोंग घेण्याचे काम करणारे व्यावसायिक असतात. आणि गुण देणारेही तेच! प्रत्येकाच्या खात्यात १०० गुण, चूक झाली की वजाबाकी, ५० च्या खाली गेला की नापास. म्हणजे साहेब उंचावर बसून गुण देत नाही. ज्याला मदत हवी आहे तोच मदत करणाऱ्याला गुण देतो. ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटली.

मिदोरिया धावत जातो. रडणाऱ्या जखमी मुलाला पाहून त्याच्या तोंडून घाबरल्याचे उद्गार निघतात. त्याबरोबर ते 'मूल' रडणे थांबवून खडसावते. ते मूल म्हणजे सोंग घेतलेला म्हाताराच असतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, मी चालू शकतो का, माझा श्वास कसा आहे, हे तू पाहिले नाहीस. त्याआधी मुख्य गोष्ट, वेदनेत असलेल्या माणसासमोर असा चेहरा घेऊन यायचे असते काय? मिदोरिया स्वतःला सावरतो, हसून धीर देतो आणि मुलाला उचलून घेतो. त्याला ७१ गुण मिळतात. वर्गातील यायोरोझु या मुलीला ९४ मिळतात.

आणि नापास कोण होते? वर्गातील सर्वांत बलवान असे दोघे. पहिला बाकुगो. त्याने जखमींना 'स्वतःच वाचा' अशा भाषेत झिडकारले म्हणून. दुसरा शोतो तोदोरोकी, देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या वीराचा मुलगा. दुसऱ्या शाळेचा इनासा योआराशी आणि तो ऐन संकटात जुन्या वैरावरून भांडत बसतात. एकाचा वारा दुसऱ्याच्या आगीला भलतीकडे ढकलतो आणि हलूही न शकणारा एक विद्यार्थी त्या आगीत सापडता सापडता वाचतो. योआराशीही नापास होतो. घराणे, ताकद, नावलौकिक यातले काहीच कामाला येत नाही.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या फेरीत नापास झालेल्यांना सांगितले जाते की तुमच्यात क्षमता आहे, तीन महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घ्या, पुन्हा चाचणी द्या, परवाना मिळेल. शिवाय कोणाचे गुण कशामुळे कापले गेले, याचा कागद प्रत्येकाच्या हातात दिला जातो. हा प्रसंग आला तेव्हा दोन प्रयत्न हुकलेला तो पोरगा हळूच म्हणाला, "काका, आपल्याला असा कागद मिळाला असता तर?" आम्ही गप्प राहिलो.

या मालिकेत परीक्षेचा प्रश्न एकदाच आलेला नाही. अगदी सुरुवातीच्या प्रवेश परीक्षेत दहा मिनिटांत यंत्रमानव फोडायचे असतात. जितके फोडाल तितके गुण. बाकुगो ७७ गुण मिळवून पहिला येतो. मिदोरिया एकही यंत्रमानव फोडून गुण मिळवू शकत नाही. त्याऐवजी तो एका प्रचंड यंत्रमानवाखाली सापडलेल्या उराराकाला वाचवतो, ज्याला फोडण्याचे शून्य गुण असतात. त्याचे हातपाय मोडतात. निकालात त्याला ६० गुण मिळतात आणि ते सर्व दुसऱ्याला वाचवल्याबद्दलचे असतात! परीक्षक हे गुण गुपचूप मोजत होते. बाकुगोला या खात्यात शून्य.

त्याच परीक्षेत हितोशी शिन्सो नावाचा मुलगाही बसला होता. त्याची शक्ती अशी की जो त्याच्या प्रश्नाला उत्तर देईल त्याचे मन तो ताब्यात घेऊ शकतो. पण यंत्रमानवाला मन कुठले? शिन्सो नापास झाला आणि सर्वसाधारण वर्गात ढकलला गेला. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या पर्वात त्याचे शिक्षक आयझावा स्पष्ट म्हणतात की ही परीक्षाच तर्काला धरून नाही, ती धडका मारणाऱ्या शक्तीवाल्यांच्या सोयीची आहे. पुढे हेच आयझावा त्याला स्वतः शिकवतात. आमच्या मते साऱ्या मालिकेतील हा सर्वांत खरा क्षण आहे. परीक्षा सर्वांना एकच होती, मैदान एकच होते, वेळ एकच होती. तरीही ती समान नव्हती. मासा आणि माकड या दोघांनाही झाडावर चढायला लावून 'बघा, आम्ही भेदभाव केला नाही' असे म्हणण्यासारखा हा प्रकार झाला.

इथे कोणी म्हणेल, ही तर कल्पनेतली गोष्ट. तेव्हा आता त्याच जपानमधील, त्याच उन्हाळ्यातील एक खरी परीक्षा पाहू.

२०१८ च्या जुलैत जपानच्या शिक्षण मंत्रालयातील एक मोठा अधिकारी पकडला गेला. आरोप असा की त्याने टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीला सरकारी अनुदान मिळवून देण्याच्या बदल्यात आपल्या मुलाला तिथे प्रवेश मिळवून दिला. त्याचा तपास सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये भलतेच बाहेर आले. हे विद्यापीठ कित्येक वर्षे मुलींचे गुण कापत होते! पद्धत कशी होती पाहा. निबंधाच्या परीक्षेत आधी सर्वांचे गुण ०.८ ने गुणायचे, म्हणजे सर्वांचे कमी करायचे. मग शाळेतून थेट आलेल्या किंवा एक-दोनदा नापास झालेल्या मुलांना २० गुण परत द्यायचे, तीनदा नापास झालेल्या मुलांना १०, त्याहून अधिक वेळा अपयश आलेल्यांना काही नाही. आणि मुलींना? एकही नाही. ती पहिल्याच प्रयत्नाला बसलेली असो की पाचव्या. कारण काय, तर मुली पुढे लग्न करतात, बाळंतपणानंतर नोकरी सोडतात.

विचार करा. रात्र रात्र जागून एखादी मुलगी परीक्षेला बसली. निकाल लागला, नाव नाही. तिने काय समजावे? आपण कमी पडलो, असेच ना! घरच्यांनीही तेच समजावे, शेजाऱ्यांनीही तेच म्हणावे. बंद खोलीत बसून तिचे गुण कोणी गुणाकार करून कापले, हे तिला कसे कळावे? अशा परीक्षेत विद्यार्थिनीची जागा जाते आणि वर तिचा स्वतःवरचा विश्वासही जातो. ही दुहेरी लूट आहे.

त्यानंतर शिक्षण मंत्रालयाने देशातील सर्व ८१ वैद्यकीय शिक्षणसंस्थांची चौकशी केली. आणखी काही विद्यापीठांत असेच प्रकार सापडले. जुन्तेंदो या विद्यापीठाने तर असा युक्तिवाद केला की मुलींना बोलण्याचे कौशल्य मुलांपेक्षा लवकर येते, तेव्हा मुलाखतीत मुलांना सांभाळून घेण्यासाठी हे केले. मुली कमी पडल्या तरी बाहेर, आणि मुली सरस ठरल्या तरी बाहेर! ज्यांना दार उघडायचेच नसते त्यांना कारणांची वाण कधी पडत नाही.

मुली मात्र गप्प बसल्या नाहीत. त्या न्यायालयात गेल्या. २०२२ साली टोकियो जिल्हा न्यायालयाने २७ महिलांना भरपाई देण्याचा आदेश त्या विद्यापीठाला दिला. आणि गुणांवरील हात दूर झाल्यावर काय झाले? २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशांत जपानमध्ये मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा किंचित जास्त निघाले. सरकारने ही आकडेवारी ठेवायला सुरुवात केल्यापासून असे प्रथमच घडले. याचा अर्थ गुणवत्ता आधीही होती. मोजणारा खोटा होता.

जपानला दुसरीही एक जखम आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे. चामड्याची, मृत जनावरांची कामे करणाऱ्यांच्या वंशजांना तिथे 'बुराकुमिन' म्हणतात. १८७१ च्या राजाज्ञेने त्यांची हीन नावे कायद्यातून गेली, मनातून गेली नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. पुढे शाळा संपवून नोकरी मागणाऱ्या मुलांकडून कंपन्या कुळाची चौकशी करीत, म्हणून १९७३ पासून देशभर एकच ठरावीक अर्ज लागू झाला. भेदभावाला वाव देणारे तपशील त्यातून वगळणे हा त्याचा उद्देश होता. तर कंपन्यांनी दुसरी वाट काढली. १९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या गावांची यादी असलेली पुस्तके छापून चोरून विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. अर्जातून असे तपशील गेले तरी साहेबाच्या खणात यादी तयारच! बुराकु भेदभाव अजून अस्तित्वात आहे हे मान्य करणारा कायदा जपानच्या संसदेने २०१६ साली केला.

होरिकोशी यांनी ही जखम डोळ्यांआड केलेली नाही. मिदोरियाच्या वर्गात मेझो शोजी हा अनेक हातांचा मुलगा आहे. तो नेहमी तोंड झाकून असतो. चित्रकथेच्या शेवटच्या टप्प्यात कळते की खेड्यात वाढताना त्याच्यासारख्या वेगळ्या शरीराच्या माणसाचा स्पर्श अपवित्र मानला जाई. नदीत बुडणाऱ्या एका मुलीला त्याने वाचवले आणि तिला शिवल्याबद्दल गावाने त्याला मारले. तोंडावरचे व्रण त्याचेच आहेत. पाण्याशी आणि स्पर्शाशी जोडलेली ही शिक्षा वाचताना महाडचे तळे ज्याला आठवणार नाही, तो आमचा वाचक नव्हे.

आता आपल्याकडे. गुणवत्ता, गुणवत्ता असा घोष आपण किती वर्षे ऐकत आहोत! त्यावर २० जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशांतील ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक विद्यार्थ्याने वाचला पाहिजे. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांनी त्यात सांगितले की खुल्या परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येणार नाही. घरातील शिक्षणाचे वातावरण, चांगली शाळा, शिकवणीचा पैसा यांचा जो फायदा काही वर्गांना पिढ्यान्पिढ्या मिळतो, तो गुणपत्रिकेत दिसत नाही. आयझावा गुरुजींनी यंत्रमानवांच्या परीक्षेबद्दल काढलेले उद्गार आणि न्यायालयाचे हे म्हणणे यांत आम्हाला फार अंतर वाटत नाही.

मात्र या मालिकेवर भाळून जावे असेही नाही. पुढे तिच्यातच उघड होते की परवाने देणारा हा आयोग आपल्याच वीरांकडून गुपचूप माणसे मारून घेत होता. ज्याने इतरांची योग्यता ठरवायची त्याचेच हात रक्ताने माखलेले. टोकियोतही तेच दिसले. उत्तरपत्रिका तपासणारेच अपात्र होते. तेव्हा खरा प्रश्न असा की परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा कोण घेणार?

आमचे उत्तर असे की ती परीक्षा देणाऱ्यांनीच घेतली पाहिजे. त्यासाठी हत्यारही हातात आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात न्यायालयाने अशा मागणीला मर्यादा घातली, हेही खरे. पण किती मुले मागतात? नापास झाल्यावर आपण खाली मान घालून घरी येतो आणि स्वतःलाच दोष देत बसतो. ही मान वर झाली पाहिजे. चूक आपली असेल तर ती कुठे झाली हे कळेल आणि पुढच्या वेळी सुधारेल. चूक त्यांची असेल तर ती चव्हाट्यावर येईल. दोन्हीकडून फायदा आपलाच.

परवा पुन्हा अभ्यासिकेत गेलो. तो पोरगा टेबलावर वाकून काही लिहीत होता. आम्हाला वाटले सराव चाललाय. जवळ जाऊन पाहिले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज होता. मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी. बाजूच्या मुलीने विचारले, "माझाही लिहून देशील का?" त्याने तिला कोरा कागद दिला आणि म्हणाला, "तूच लिही. मी सांगतो कसा लिहायचा."

दुसऱ्याला उभे केल्याचे गुण अजून आपल्या कोणत्याही आयोगाने ठेवलेले नाहीत. आमच्या वहीत मात्र त्या पोराच्या नावापुढे ते त्याच रात्री लिहिले गेले.